कोबी लावणारा सम्राट



गेले काही दिवस आपण गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार वाचतोय. मोहापायी आपलं काम टाकून देणं, तो तामस त्याग. देहाला त्रास होईल म्हणून सोडणं, तो राजस. आणि काम करत राहायचं पण त्यातली आसक्ती आणि फळाची ओढ सोडायची, तो सात्त्विक. वाचताना एकदम सोपं वाटतं, तीन कप्पे, तीन लेबलं. पण एखाद्या खऱ्या माणसाचं आयुष्य समोर ठेवून त्याला कुठल्या कप्प्यात टाकायचं म्हटलं की हात अडखळतो.

म्हणून आज एका माणसाची गोष्ट. तो ना आपल्या देशातला, ना आपल्या परंपरेतला. सतराशे वर्षांपूर्वीचा रोमन सम्राट, डायोक्लेशियन. गादीवरून आपण होऊन खाली उतरलेला पहिला रोमन सम्राट. जरा लांब आहे, निवांत वाचा.

डायोक्लेशियन हे सम्राट झाल्यावरचं नाव. मूळ नाव डायोक्लीस. जन्म इ.स. २४४ च्या आसपास, डाल्मेशियात, म्हणजे आजच्या क्रोएशियाच्या किनारपट्टीवर, सलोना शहराजवळ. घर अगदी साधं. बाप कुणा कारकुनी पेशातला होता, किंवा डायोक्लीस स्वतःच गुलामगिरीतून सुटलेला होता, असं जुने इतिहासकार लिहितात. वशिला नाही, जमीनजुमला नाही. अशा मुलाला वर चढायला त्या काळात एकच जिना होता, सैन्य. तो त्याच जिन्याने वर गेला आणि चाळिशीपर्यंत सम्राटाच्या अंगरक्षक दलाचा प्रमुख झाला.

आता त्या काळातल्या सम्राटपदाची अवस्था बघा. २३५ मध्ये अलेक्झांडर सेव्हेरस या सम्राटाला त्याच्याच सैनिकांनी छावणीत मारलं. तिथून पुढच्या पन्नास वर्षांत वीसपेक्षा जास्त सम्राट झाले, आणि त्यातले बहुतेक तलवारीनेच गेले. तलवारही बऱ्याचदा आपल्याच माणसाची. व्हॅलेरियन २६० मध्ये इराणच्या शापूर राजाच्या हाती जिवंत सापडला आणि कैदेतच मेला. ऑरेलियनने तुकडे पडलेलं साम्राज्य पुन्हा जोडलं, त्याला २७५ मध्ये त्याच्याच अधिकाऱ्यांनी संपवलं. प्रोबसला २८२ मध्ये सैनिकांनी मारलं.

असं का व्हायचं? कारण सम्राटानंतर कोण, याचा रोममध्ये पक्का कायदाच नव्हता. मुलगा असेल तर मुलगा, दत्तक घेतला असेल तर दत्तक, पण खरा शिक्का सैन्याचा. नवा सम्राट गादीवर आला की सैनिकांना बक्षिसी वाटायचा. म्हणजे सम्राट बदलणं हा सैन्यासाठी फायद्याचा सौदा होता! त्यात साम्राज्य अवाढव्य. ऱ्हाइन नदीवर जर्मन टोळ्या, डॅन्यूबवर गॉथ, पूर्वेला इराण. सम्राट एकच, तो एका सरहद्दीवर गेला की दुसऱ्या सरहद्दीवरचं सैन्य आपल्या सेनापतीलाच सम्राट म्हणून मोकळं व्हायचं. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर अख्खी सिस्टीम एकाच सर्व्हरवर, आणि बॅकअप कुठला ते कुणालाच माहीत नाही.

डायोक्लीस गादीवर आला तोही असाच, रक्ताच्या वाटेने. कॅरस नावाचा सम्राट २८३ मध्ये इराणवरच्या स्वारीत मेला. वीज पडून मेला, असं सांगितलं गेलं. त्याचा धाकटा मुलगा न्युमेरियन सैन्य घेऊन परत निघाला. त्याचे डोळे आले होते म्हणून तो बंद पालखीतून प्रवास करायचा. काही दिवसांनी पालखीतून दुर्गंधी यायला लागली. पडदा बाजूला केला तर आत मृतदेह. संशय गेला त्याच्या सासऱ्यावर, अॅपरवर. २० नोव्हेंबर २८४ ला निकोमीडियाजवळ, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमितजवळ, सैन्याने डायोक्लीसला सम्राट म्हणून निवडलं. त्याने सगळ्यांसमोर सूर्याला साक्ष ठेवून आपण निर्दोष असल्याची शपथ घेतली आणि तिथल्या तिथे अॅपरला तलवारीने मारलं. अॅपर खरंच खुनी होता की जास्त माहिती असलेला माणूस होता, हे विचारायला मग कुणी उरलंच नाही.

न्युमेरियनचा थोरला भाऊ कॅरिनस पश्चिमेत सम्राट होता. २८५ मध्ये आजच्या सर्बियात मोरावा नदीकाठी दोघांची लढाई झाली. कॅरिनस जिंकत आला होता, पण त्याच्याच एका अधिकाऱ्याने त्याला मारलं. इथे डायोक्लेशियनने एक वेगळी गोष्ट केली. हरलेल्या बाजूच्या लोकांची कत्तल केली नाही. कॅरिनसचा मुख्य अधिकारी अॅरिस्टोब्युलस, त्यालाही पदावर ठेवलं. पन्नास वर्षं सूड बघितलेल्या लोकांना हे नवीन होतं.

आता तो एकटाच मालक झाला. आणि एकटा मालक झाल्याबरोबर त्याने सत्ता वाटायला सुरुवात केली!

२८५ मध्येच त्याने मॅक्सिमियन या आपल्या जुन्या लष्करी सोबत्याला सीझर, म्हणजे दुय्यम सम्राट केलं, आणि २८६ मध्ये बरोबरीचा ऑगस्टस. पश्चिम त्याच्याकडे, पूर्व आपल्याकडे. २९३ मध्ये दोघांच्या हाताखाली एकेक सीझर नेमला. पश्चिमेत कॉन्स्टँशियस, पूर्वेत गॅलेरियस. नात्याची गाठही बांधली. गॅलेरियसला डायोक्लेशियनने स्वतःची मुलगी व्हॅलेरिया दिली. कॉन्स्टँशियसने मॅक्सिमियनच्या घरातली थिओडोरा केली, आणि त्यासाठी हेलेना नावाच्या बाईला बाजूला केलं गेलं. हेलेनाला एक मुलगा होता, कॉन्स्टंटाइन. हे नाव लक्षात ठेवा.

चौघांची राहायची ठिकाणंही सरहद्दीच्या जवळ. निकोमीडिया, मिलान, जर्मनीतलं ट्रियर, सर्बियातलं सिर्मियम. रोममध्ये कुणीच नाही. योजना अशी होती की दोन ऑगस्टस वेळ आल्यावर बाजूला होतील, दोन सीझर त्यांच्या जागी चढतील आणि नवे दोन सीझर निवडतील. निवड कर्तबगारीवर, रक्तावर नाही. व्हेनिसमध्ये सेंट मार्कच्या चर्चच्या कोपऱ्यावर आज एक जांभळ्या दगडाचं शिल्प आहे. चार सम्राट, दोन दोनच्या जोडीने, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे. चेहरे इतके सारखे की कोण कुठला ते ओळखू येत नाही. पदच काय ते महत्त्वाचं, माणूस बदलला तरी चालेल, हेच जणू त्यातून सांगायचंय. पण नीट बघितलं तर प्रत्येकाचा दुसरा हात तलवारीच्या मुठीवर आहे.

पण व्यवस्था चालली! गॅलेरियसने २९८ मध्ये इराणच्या नार्सेह राजाला हरवलं आणि रोमला फायद्याचा तह झाला. त्याच सुमारास डायोक्लेशियनने इजिप्तमधलं बंड मोडलं. प्रांतांचे लहान तुकडे करून त्यांची संख्या जवळजवळ दुप्पट, शंभरच्या घरात नेली. कर गोळा करणारा वेगळा आणि फौज सांभाळणारा वेगळा केला, म्हणजे एकाच माणसाच्या हातात पैसा आणि तलवार दोन्ही नकोत. दरबारी रिवाज कडक केले. त्याला भेटायचं तर गुडघे टेकून त्याच्या वस्त्राच्या काठाचं चुंबन घ्यायचं. यात अहंकार होताच, पण हिशेबही होता. ज्याच्याबरोबर सैनिक रोज उठतो बसतो त्याला मारणं सोपं असतं, देवासारखा लांब बसलेल्याला मारणं अवघड.

मात्र सगळं जग आपल्या हुकमाने नीट करता येतं, ही सवय इथूनच लागली असावी. ३०१ मध्ये महागाई वाढली म्हणून त्याने हजाराहून जास्त वस्तूंचे आणि कामांचे जास्तीत जास्त दर ठरवून दिले. न्हाव्याने एका माणसामागे किती घ्यायचे इथपासून सिंहाची किंमत किती, इथपर्यंत. जास्त घेतले तर मृत्युदंड. झालं असं की माल बाजारातून गायब झाला आणि थोड्याच काळात तो हुकूम नुसता दगडावर उरला.

दुसरा हुकूम याहून भयंकर. साम्राज्य टिकायचं तर सगळ्यांनी जुन्या देवांची पूजा केलीच पाहिजे, असं त्याचं मत होतं. फेब्रुवारी ३०३ मध्ये निकोमीडियातलं ख्रिस्ती चर्च पाडलं आणि दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं. प्रार्थनास्थळं पाडा, ग्रंथ जाळा. पुढे पाद्र्यांना कैद, मग सगळ्यांनी देवाला बळी अर्पण करा नाहीतर शिक्षा. अनेक माणसं मारली गेली. यामागे गॅलेरियसचा आग्रह होता असं सांगतात, पण हुकमावर सही थोरल्या सम्राटाची होती, त्यामुळे जबाबदारीही त्याचीच. इजिप्तमधले कॉप्टिक ख्रिस्ती आजही आपली कालगणना २८४ पासून मोजतात, म्हणजे डायोक्लेशियन गादीवर आला त्या वर्षापासून. त्या शकाचं नाव हुतात्म्यांचा शक. आपल्या राज्यारोहणाचं वर्ष या नावाने ओळखलं जाईल, असं त्याला स्वप्नातही वाटलं नसेल. भक्ती हुकमाने करून घेता येत नाही, हे आपल्यापैकी कुणाला वेगळं सांगायला नको.

३०३ च्या शेवटी राज्याची वीस वर्षं साजरी करायला तो रोमला गेला. तिथे त्याचं मन रमलं नाही. ऐन हिवाळ्यात निघाला आणि वाटेत आजारी पडला. वर्षभर दुखणं हटेना. डिसेंबर ३०४ मध्ये तो गेला अशी अफवाच पसरली. मार्च ३०५ मध्ये तो लोकांसमोर आला तेव्हा ओळखू येत नव्हता इतका खंगला होता.

आणि १ मे ३०५ ला, निकोमीडियाबाहेरच्या एका टेकडीवर, सैन्यासमोर, डोळ्यांत पाणी आणून त्याने सांगितलं की आता मी थकलोय, मला विश्रांती हवी आहे. जांभळा झगा अंगावरून उतरवला. त्याच दिवशी तिकडे मिलानमध्ये मॅक्सिमियननेही, मनाविरुद्ध, तेच केलं. योजनेप्रमाणे गॅलेरियस आणि कॉन्स्टँशियस ऑगस्टस झाले. आता दोन नवे सीझर कोण, याकडे सगळ्यांचे डोळे. कॉन्स्टँशियसचा मुलगा कॉन्स्टंटाइन तिथेच उभा होता, तरुण, लष्करात लाडका. सगळ्यांना वाटलं त्याचंच नाव येणार. नावं आली सेव्हेरस आणि दाया. दोघंही गॅलेरियसच्या मर्जीतले, दाया तर त्याचा भाचा. मॅक्सिमियनचा मुलगा मॅक्सेंशियस, त्यालाही काही नाही. रक्त बघायचं नाही या नियमाने दोन मुलगे वगळले गेले, आणि त्याच नियमाच्या आड एक भाचा आत आला!

डायोक्लीस पुन्हा साधा डायोक्लीस होऊन सलोनाजवळ राहायला गेला. तिथे समुद्रकाठी त्याने आधीच मोठा तटबंदीचा वाडा बांधून घेतला होता. म्हणजे गादी सोडायचा विचार नुसता आजारपणातून आलेला नव्हता, काही वर्षं मनात होता. तो वाडा म्हणजेच आजच्या स्प्लिट शहराचा गाभा. सतराशे वर्षांनंतरही त्याच्या भिंतींमध्ये लोक राहतात, दुकानं चालतात, दोऱ्यांवर कपडे वाळत असतात.

योजना मात्र सव्वा वर्षात कोसळली. जुलै ३०६ मध्ये कॉन्स्टँशियस ब्रिटनमध्ये, यॉर्क इथे वारला. सैन्याने तिथल्या तिथे कॉन्स्टंटाइनला सम्राट केलं. ते बघून ऑक्टोबरमध्ये रोममध्ये मॅक्सेंशियस उठला. मुलगा उठला म्हटल्यावर बाप मॅक्सिमियनही पुन्हा झगा घालून मैदानात उतरला. सेव्हेरस पकडला गेला आणि मारला गेला. मग बाप मुलावर उलटला, ते जमलं नाही तेव्हा पळून जावई कॉन्स्टंटाइनकडे गेला.

शेवटी नोव्हेंबर ३०८ मध्ये व्हिएन्नाजवळच्या कार्नुन्टम इथे बैठक भरली आणि म्हाताऱ्या डायोक्लेशियनला बोलावणं आलं. तो आला. त्याच्या शब्दाला अजून इतका मान होता की मॅक्सिमियनला दुसऱ्यांदा राजीनामा द्यावा लागला. पण त्यालाच पुन्हा गादीवर बसायची गळ घातली गेली तेव्हा त्याने सांगितलं, सलोन्याला मी माझ्या हाताने लावलेला कोबी तुम्ही एकदा बघितला असता, तर हे मला विचारलंच नसतं. एवढं बोलून तो आपल्या वाफ्यांकडे परत गेला.

बहुतेक लोक ही गोष्ट इथे थांबवतात. कोबीपाशी. सुंदर शेवट आहे. पण आयुष्य कोबीपाशी थांबलं नाही.

मॅक्सिमियनने ३१० मध्ये जावयाविरुद्ध तिसऱ्यांदा डाव टाकला आणि जीव गमावला. कॉन्स्टंटाइनने त्याच्या प्रतिमा उतरवल्या. बऱ्याच ठिकाणी दोघं म्हातारे जोडीने कोरलेले होते, त्यामुळे डायोक्लेशियनच्या प्रतिमाही जिवंतपणीच खाली आल्या. ३११ मध्ये गॅलेरियस आजाराने गेला, आणि जाण्याआधी ख्रिस्ती लोकांवरचा छळ थांबवायचा हुकूम काढून गेला. व्हॅलेरिया विधवा झाली. दायाने तिला मागणी घातली, तिने नाकारली. त्याने तिची मालमत्ता काढून घेतली आणि तिला आई प्रिस्कासकट सीरियाकडे हद्दपार केलं. बापाने निरोपावर निरोप पाठवले, माझ्या मुलीला माझ्याकडे येऊ द्या. ज्या दायाला याच बापाने सीझरपद दिलं होतं, त्याने ऐकलं नाही. कधीकाळी ज्याच्या झग्याचा काठ चुंबायला रांग लागायची, त्याच्या विनवण्या आता वाऱ्यावर गेल्या.

३१२ च्या आसपास तो वारला. आजाराने, किंवा दुःखाने अन्नपाणी सोडून, अशा दोन्ही गोष्टी सांगितल्या जातात. त्याच्यामागे व्हॅलेरिया आणि प्रिस्का वेष बदलून सव्वा वर्ष गावोगाव लपत फिरल्या. थेसालोनिकीत ओळखल्या गेल्या, आणि लिसिनियस नावाच्या सम्राटाच्या हुकमावरून त्यांची डोकी उडवली. याच लिसिनियसला कार्नुन्टमच्या बैठकीत, डायोक्लेशियनच्या उपस्थितीत सम्राट केलं गेलं होतं. ३२४ मध्ये त्यालाही हरवून कॉन्स्टंटाइन एकटा सम्राट झाला. चाराचे पुन्हा एक. ३२६ मध्ये त्याने स्वतःच्या थोरल्या मुलाला, क्रिस्पसला मारवलं. आणि ३३७ मध्ये तो गेल्यावर त्याच्या घराण्यातल्या पुरुषांची सैनिकांनी कत्तल केली. रक्ताचा वारसा परत आला आणि रक्त घेऊन आला.

तर मंडळी, याला कुठल्या कप्प्यात टाकायचं?

३०५ चा त्याग बघा. आजारी देह, थकलेला माणूस. गीतेचा राजस त्याग असाच असतो, असं कुणी म्हणेल आणि ते अगदी चूक नाही. पण ३०८ मध्ये देह बरा होता, लोक हात जोडून बोलावत होते, आणि तो वाफ्यांकडे परत गेला. त्या दिवशीचा नकार मला खरा वाटतो. एकाच माणसाची एकच गादी, पण सोडणं दोनदा घडलं आणि दोन्ही वेळा वेगळ्या जातीचं.

मला जास्त टोचते ती दुसरी गोष्ट. डायोक्लेशियनला मुलगा नव्हता. गादी रक्ताला द्यायची नाही, हा नियम त्याला सहज जमला कारण त्याच्यासाठी त्यात सोडण्यासारखं काही नव्हतंच. बाकीच्यांना ते जमेल, असं त्याने गृहीत धरलं. मॅक्सिमियनचा झगा त्याने उतरवला, पण मॅक्सिमियनच्या मनातली गादी उतरली नाही. कॉन्स्टंटाइनचा हक्क त्याने नाकारला, पण कॉन्स्टंटाइनने तो सोडला नव्हता. त्याने पदांची, प्रांतांची, नात्यांची उत्तम रचना केली आणि त्यात एक गोष्ट मिळालेलीच आहे असं धरून चालला, जी फक्त ज्याने त्यानेच द्यायची असते. आणि स्वतः त्याला सोडायला खरोखर जड अशी एकच गोष्ट होती, मुलगी. तिथे तोही शेवटपर्यंत बापच राहिला. त्याबद्दल त्याला नावं ठेवायचं माझं धाडस नाही.

शिवाय गादी सोडली म्हणून गादीवर बसून केलेलं सुटत नाही. स्प्लिटच्या त्या वाड्यात त्याने स्वतःसाठी आठ कोनांची समाधी बांधली होती. आज ते चर्च आहे, सेंट डॉम्नियसचं. डॉम्नियस म्हणजे सलोन्याचा बिशप, जो डायोक्लेशियनच्याच छळात मारला गेला. सम्राटाची शवपेटी तिथून केव्हाच नाहीशी झालीय, आणि त्याच्या छपराखाली रोज त्याने मारलेल्या माणसाच्या नावाने प्रार्थना होते.

आजच्या दिवसाला एवढंच चिंतन पुरे. आपणही घरात, ऑफिसात, संस्थेत काहीतरी दुसऱ्याच्या हाती सोपवत असतो आणि मी सोडलं म्हणून त्यानेही सोडावं असं मनात धरतो. आज दिवसभरात अशी एखादी गोष्ट आठवून बघा, जी तुम्हाला सोडणं सोपं गेलं. ती सोपी का गेली, हेही प्रामाणिकपणे बघा. आणि समोरच्याला ती अवघड जात असेल तर त्याच्यावर रागावण्याआधी थोडं थांबा.

उद्या आपण पुढचा श्लोक घेऊ. राम कृष्ण हरी.